कोलाला नवा स्वाद देताना: चेरी, व्हॅनिला, लिंबू आणि कॉफी यांच्या घरगुती कृती

कोलाच्या ग्लासात चमचाभर सरबत ओतले की त्याचा स्वाद बदलतो, हे खरे; पण पहिल्या काही प्रयत्नांत तो बहुधा बिघडतोच. पेय नको इतके गोड होते, ढवळता ढवळता वायू निघून जातो, सरबत तळाशी बसते आणि पहिल्या घोटाला नुसता कोला, तर शेवटच्या घोटाला नुसता पाक तोंडात येतो. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लागते ती मोजून घालण्याची सवय आणि कोलाच्या घडणीची थोडी ओळख. कोला म्हणजे काही कोरी पाटी नव्हे. लिंबू, संत्रे, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला यांच्या जातीचे सुवास त्यात आधीच एकमेकांत मुरलेले असतात आणि त्यांच्यावर आम्लाची धार व साखरेचा भार असतो. त्यामुळे नवा स्वाद देणे याचा अर्थ, या मेळातील एखादा सूर किंचित वर उचलणे किंवा त्याच्याशी जमेल असा एखादा सूर बाहेरून आणणे, एवढाच घ्यावा. हे एकदा उमगले की हात आपोआप हलका पडतो.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने 1886 मध्ये कोका-कोला तयार केले, तेव्हा ते सोडा फाउंटनवर, म्हणजे सोड्याची पेये समोरच बनवून देणाऱ्या काउंटरवर, ग्लासाने विकले जाई: आधी ग्लासात पाक आणि मग त्यावर कार्बनयुक्त पाणी. इतर स्वादांचे पाकही हाताशीच असल्यामुळे कोलात थोडा चेरीचा किंवा व्हॅनिलाचा पाक घालून देणे तिथे सहज जमे. कारखान्याच्या बाटलीत हे स्वाद उतरायला मात्र बराच काळ गेला. चेरीचे कोका-कोला 1985 मध्ये बाजारात आले आणि व्हॅनिलाचे 2002 मध्ये. व्हॅनिलाचे 2005 मध्ये अमेरिकेत बंद झाले आणि 2007 मध्ये परत आले. लिंबाचे 2005 मध्ये निघाले, तर संत्रे आणि व्हॅनिला यांचे एकत्रित पेय 2019 मध्ये. मधल्या काळात, 2006 मध्ये, कॉफीचा स्वाद असलेले कोका-कोला ब्लॅक आले आणि 2008 पर्यंत ते दिसेनासेही झाले. पुढे 2009 मध्ये याच कंपनीने फ्रीस्टाइल हे यंत्र आणले, ज्यात निरनिराळे स्वाद वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले असतात आणि बटण दाबताच ते ग्लासातच एकत्र होतात. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी गाडी फिरून सोडा फाउंटनवरच आली. या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक अर्थ काढतो: स्वाद पेय ओततानाच घालणे ही कोलाची मूळ रीत आहे आणि कोलाच्या अंगच्या सुवासांशी ज्यांचे नाते आहे, असेच स्वाद फार काळ रुचतात.

आधी कोला चाखून पाहावा

जो कोला वापरायचा आहे, तो एकदा वायू काढून चाखावा. अर्धी वाटी कोला पसरट भांड्यात ओतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत चमच्याने ढवळावा आणि त्याचा गारवा पूर्ण जाऊ द्यावा. थंडपणा आणि वायू या दोन गोष्टी गोडी झाकतात. त्या नाहीशा झाल्या की हेच पेय काकवीसारखे जड लागते आणि आपण रोज किती साखर न जाणवता पितो, हेही त्या एका घोटात कळते. मग भांडे नाकाजवळ न्यावे. बहुतेक कोलांमध्ये वरवर लिंबाच्या सालीचा वास येतो, त्याच्या मागून दालचिनीचा उबदारपणा येतो आणि गिळून झाल्यावर घशाशी व्हॅनिलासारखे काहीतरी रेंगाळते. प्रत्येक कंपनीचा मेळ वेगळा असल्याने कुठे लिंबू पुढे असते, तर कुठे व्हॅनिला. लिंबू आधीच पुढे असलेल्या कोलात आणखी लिंबू पिळून फारसे काही साधत नाही. त्याला व्हॅनिलाने मऊपणा येतो. उलट गुळमट वाटणाऱ्या कोलाला सालीचा एक तुकडाही जाग आणतो.

मोठ्या कंपन्या आपली कृती गुप्त ठेवतात. तरी कोलात काय असते, हे आता फारसे गूढ राहिलेले नाही. ओपनकोला या नावाने 2001 मध्ये एक कृती सर्वांसाठी खुली करण्यात आली, तिच्यात संत्रे, लिंबू, दालचिनीच्या जातीची कॅशिया, जायफळ आणि धने यांची सुगंधी तेले होती, आणि ती तेले पाण्यात एकजीव राहावीत म्हणून बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंकही होता. तो डिंक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून बाजारात मिळणारी शुद्ध सुगंधी तेले थेंबाथेंबाने थेट ग्लासात टाकण्याचा मोह आवरावा. थेंब वर तरंगतो, पहिल्याच घोटाबरोबर सगळा तोंडात येतो आणि जीभ भाजल्यासारखी चुरचुरते. शिवाय त्यांतील कित्येक तेले पोटात घेण्यासाठी बनवलेली नसतात.

वायू टिकवण्याची रीत

स्वाद कितीही सुरेख जमला तरी वायू गेलेला कोला पिववत नाही, म्हणून ही बाजू कृतींच्या आधी सांगणे भाग आहे. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात अधिक विरघळतो: वातावरणाच्या दाबाखाली 0 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 1.7 लिटर वायू मावतो, तर 20 अंशांना जेमतेम 0.9 लिटर. बाटलीतल्या कोलात याच्या कितीतरी अधिक वायू दाबाने कोंबलेला असतो आणि झाकण उघडताच तो बाहेर पडण्याची वाट शोधू लागतो. कोमट कोला, कोमट पाक आणि कोमट ग्लास या तिघांनी ती वाट मोकळी होते. म्हणून कोला निदान चार तास फ्रिजमध्ये असावा, पाकही फ्रिजमधलाच असावा आणि जमल्यास ग्लासदेखील दहा मिनिटे आत ठेवावा.

वायूला बुडबुड्याचे रूप घेण्यासाठी खडबडीत जागा लागते. मेंटॉसची गोळी कोलाच्या बाटलीत टाकल्यावर जे कारंजे उडते, त्यामागे गोळीच्या पृष्ठभागावरचे असंख्य सूक्ष्म खड्डे असतात. फ्रीजरमधून काढलेल्या बर्फावर जो पांढुरका दवासारखा थर असतो, तोही त्याच कामाचा. म्हणून बर्फाचे खडे ग्लासात टाकण्याआधी थंड पाण्याखाली क्षणभर धरावेत आणि पाणी निथळू द्यावे. खडा गुळगुळीत, काचेसारखा पारदर्शक दिसू लागला की फेस निम्म्याने कमी येतो. हे एवढेसे काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग फेस बसण्याची वाट पाहत उभे राहतात. याच कारणाने कोणतीही पूड, मग ती दालचिनीची असो, कॉफीची असो वा साखर-मिठाची, कोलात कधीच थेट टाकू नये. जे घालायचे ते आधी पाकात विरघळवून, गाळून, थंड करूनच घालावे.

ओतण्याचा क्रमही ठरलेला आहे. पाक कोलापेक्षा जड असतो. तो नंतर ओतला तर सरळ तळाशी जाऊन बसतो आणि ढवळत बसावे लागते. आधी तळाशी घातला, तर वरून येणारा कोलाच त्याला उचलून मिसळतो. म्हणून ग्लासात प्रथम पाक, मग त्यावर साधारण पाक बुडेल इतकाच कोला, एकदा हलकेच फिरवणे, त्यानंतर धुतलेला बर्फ आणि शेवटी ग्लास तिरका धरून कडेने सोडलेला उरलेला कोला, असे करावे. अखेरीस लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच सावकाश वर उचलावा. गोल गोल ढवळू नये.

पाक आणि त्याचे प्रमाण

पुढील बहुतेक कृतींचा पाया एकच साधा पाक आहे. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिलिलिटर पाणी मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंतच तापवावे. तार येऊ देऊ नये. एकतारी पाकही थंड कोलात नीट मिसळत नाही. या प्रमाणात सुमारे 320 मिलिलिटर पाक होतो आणि त्याच्या 15 मिलिलिटरमध्ये नऊ ग्रॅमांच्या आसपास साखर असते.

ग्लासाला किती पाक घालावा, याचे उत्तर दुसऱ्याच्या जिभेवरून घेऊ नये. चार लहान पेले घेऊन प्रत्येकात 50 मिलिलिटर थंड कोला आणि औषधाच्या सुईविरहित सिरिंजने अनुक्रमे 1, 2, 3 आणि 4 मिलिलिटर पाक घालावा. कमी प्रमाणाच्या पेल्यापासून चाखायला सुरुवात करावी, कारण एकदा चारचा पेला तोंडाला लागला की एकच्या पेल्यात काहीच नाही असे वाटते. ज्या पेल्यात स्वाद अगदी ठळक लागेल, त्याच्या एक पायरी अलीकडचे प्रमाण ठरवावे. घोटभर चाखताना जे नेमके वाटते, ते ग्लासभर पिताना उबग आणते. मिळालेल्या आकड्याला पाचाने गुणले की 250 मिलिलिटर ग्लासाचे माप हाती येते. माझे बहुतेक स्वाद 10 मिलिलिटरवर, म्हणजे दोन छोट्या चमच्यांवर स्थिरावले आहेत.

चेरी

चेरी कोलाच्या मूळ सुवासांत मोडत नाही, तरीही ती त्यात सर्वाधिक शोभते, आणि त्याचे कारण बेन्झाल्डिहाइड हा घटक आहे. चेरीची आपल्याला जी ओळख पटते, ती फळाच्या आंबटगोडापेक्षा याच घटकाच्या कडवट बदामासारख्या वासामुळे पटते, आणि तो वास दालचिनी व व्हॅनिला या दोघांच्याही शेजारी बसतो. ताज्या फळाच्या नुसत्या रसात मात्र हा वास फार मंद असतो. म्हणूनच मेहनतीने काढलेला चेरीचा रस कोलात घातला की रंग येतो, आंबटपणा येतो, पण चेरी काही येत नाही, असा अनुभव अनेकांना येतो.

बिया काढलेली 250 ग्रॅम गडद चेरी, 150 ग्रॅम साखर आणि 100 मिलिलिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर आठ ते दहा मिनिटे शिजवावे. गोठवलेली चेरी घेतली तरी चालते. किंबहुना गोठताना तिच्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे ती रस लवकर सोडते. फळ मऊ झाले की डावाच्या पाठीने दाबावे, आच बंद करून झाकण ठेवावे आणि अर्ध्या तासाने मलमलीच्या फडक्यातून गाळावे. फडके टांगून ठेवावे, पिळू नये. पिळल्याने गर उतरतो, गराने पाक गढूळ होतो आणि असा पाक कोलात पडला की ग्लास फेसाने भरतो. गाळलेल्या पाकात दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब घालावेत. दोन म्हणजे दोनच. तिसऱ्या थेंबाला चेरी मागे पडते आणि मिठाईचा वास येऊ लागतो. ज्यांना सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी इसेन्स कशापासून बनला आहे हे वेष्टनावर पाहावे, किंवा तो वगळावा.

काही जण बदामाचा वास आणण्यासाठी चेरीच्या बिया ठेचून पाकात उकळतात. तसे करू नये. बियांच्या गरात अमिग्डॅलिन असते. ते फुटताना बेन्झाल्डिहाइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी पदार्थही सुटतो. दोन थेंब इसेन्सने जे काम होते, त्यासाठी ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

हा पाक इतर पाकांपेक्षा सौम्य असल्याने 250 मिलिलिटर ग्लासाला 15 ते 20 मिलिलिटर लागतो. ओतताना कडेने पाहावे: तपकिरी रंगात फारसा फरक दिसत नाही, मात्र वर येणाऱ्या फेसाला फिकट गुलाबी छटा चढते. ती दिसली की पाक नीट मिसळला, असे समजावे.

व्हॅनिला

व्हॅनिलाने गोडी वाढल्याचा भास होतो, म्हणून ती घालताना साखर कमी ठेवता येते. वरील साध्या पाकाच्या संपूर्ण घाण्याला एक शेंग पुरते. शेंग उभी चिरावी, सुरीच्या पाठीने आतील बारीक दाणे खरवडून घ्यावेत आणि दाण्यांसह शेंग गरम पाकात टाकून झाकण ठेवावे. पाक थंड झाल्यावर तो शेंगेसकट फ्रिजमध्ये एक रात्र मुरू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी बारीक फडक्यातून गाळावा. काळे दाणे दिसायला आकर्षक असले तरी कोलात ते बुडबुड्यांना निमित्त देतात, म्हणून गाळणे बरे. वापरलेली शेंग धुऊन, वाळवून पुन्हा एकदा वापरता येते.

शेंग नसेल तर पाक पूर्ण थंड झाल्यावर त्यात दोन छोटे चमचे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेंगा अल्कोहोलात मुरवून काढलेला अर्क, घालावे. गरम पाकात घातल्यास सुवास वाफेबरोबर जातो. एक्स्ट्रॅक्टमध्ये अल्कोहोल असते, अमेरिकेतील नियमानुसार तर किमान 35 टक्के, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी शेंगच घ्यावी. इसेन्स आणि एक्स्ट्रॅक्ट एकच समजण्याची चूक मी एकदा केली आहे. ग्लासभर कोलात छोटा चमचाभर तीव्र इसेन्स घातला आणि जे तयार झाले, ते गोड वासाचे पण जिभेच्या मुळाशी कडू लागणारे, खोकल्याच्या औषधासारखे पाणी होते. इसेन्स थेट ग्लासात घालायचाच असेल तर ड्रॉपरने दोन-तीन थेंब घालावेत. एक मिलिलिटरमध्ये सुमारे 20 थेंब असतात, हे ध्यानात घेतले तर चमचाभर म्हणजे शंभर थेंब होतात आणि माझ्या त्या ग्लासाचे काय झाले असेल, हे सहज कळते.

लिंबू आणि संत्रे

लिंबाबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तो म्हणजे कोलाला लिंबू म्हणजे लिंबाचा रस. कोला मुळातच फार आम्लयुक्त आहे. फॉस्फोरिक आम्लामुळे त्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितके आम्ल अधिक) 2.5 च्या आसपास असतो आणि साखरेमुळेच तो आपल्याला आंबट लागत नाही. त्यात रस पिळला की आंबटपणा तेवढा वाढतो. लिंबाचा जो टवटवीत वास आपल्याला हवा असतो, तो रसात थोडा आणि सालीत भरपूर असतो. रस 250 मिलिलिटरला एक छोटा चमचा पुरे. खरे काम सालीकडून करून घ्यावे.

लिंबू कोमट पाण्यात चोळून धुवावे, कारण फळांवर चकाकीसाठी मेण लावलेले असू शकते. धारदार सुरीने दोन बोटे रुंद, अंगठ्याएवढी लांब अशी सालीची पट्टी काढावी. आतला पांढरा भाग शक्य तितका कमी यावा, कारण कडवटपणा त्यातच असतो. पेय पूर्ण तयार झाल्यावर ही पट्टी ग्लासाच्या चार बोटे वर, रंगीत बाजू पेयाकडे करून धरावी आणि दोन्ही हातांच्या चिमटीत पटकन दुमडावी. उजेडाच्या दिशेने पाहिल्यास सालीतून धुराच्या रेषेसारखा बारीक फवारा उडताना दिसतो आणि फेसावर तो पडतो, तिथले बुडबुडे क्षणात विरतात. ते सालीचे तेल. ग्लास तोंडाशी नेताच आधी तो वास नाकात शिरतो आणि नंतर येणारा कोला लिंबाचाच वाटतो. पट्टी काठावरून एकदा फिरवून बाजूला ठेवावी. पिळलेली फोड किंवा साल ग्लासातच सोडून देऊ नये; दहा मिनिटांत तिचा कडूपणा पेयात उतरतो.

संत्र्यासाठी हेच तेल साखरेकडून काढून घ्यावे. तीन संत्र्यांच्या साली पांढरा भाग टाळून पातळ काढाव्यात, 100 ग्रॅम साखरेत घालून लाकडी चमच्याने दाबत दाबत चोळाव्यात आणि झाकून सहा ते आठ तास ठेवाव्यात. साखर तेल ओढून घेते. साली सुकलेल्या, अर्धपारदर्शक होतात आणि तळाशी केशरी रंगाचा दाट रस जमतो. त्यावर 100 मिलिलिटर गरम पाणी ओतून साखर विरघळवावी आणि गाळावे. उकळू नये, कारण उकळल्यावर ताज्या सालीचा वास जाऊन मुरंब्याचा वास येतो. हा पाक आणि व्हॅनिलाचा पाक समसमान घेऊन ग्लासाला 10 मिलिलिटर घातले की संत्रे-व्हॅनिला कोला होतो. माझ्या मते घरी करण्यासारख्या सर्व स्वादांत हा सर्वांत सरस आहे.

दालचिनी आणि आले यांच्यासाठी फार काही वेगळे करावे लागत नाही. साध्या पाकात बोटाएवढ्या दोन दालचिनीच्या काड्या घालून दहा मिनिटे मंद उकळावे आणि तासभर मुरू द्यावे. पूड वापरली तर पाक बुळबुळीत होतो. आल्यासाठी 60 ग्रॅम ताजे आले किसून, पिळून, रस वाटीत पंधरा मिनिटे ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा रस थंड पाकात मिसळावा. आले शिजवल्यास त्याचा झणका कमी होऊन गोडसर ऊब येते. ज्याला जे रुचेल ते त्याने करावे, पण कोलात कच्च्या रसाचा झणका अधिक खुलतो.

कॉफी आणि दूध

कॉफीचा कोला कंपन्यांना जसा अवघड गेला, तसाच घरीही जातो. दोन्ही पेयांना आपापला कडवटपणा आहे, दोन्हींत कॅफिन आहे आणि गरम काढलेल्या कॉफीचा आंबटपणा कोलाच्या आम्लाशी भांडतो. थंड पाण्यात मुरवलेली कॉफी त्या मानाने मवाळ असते. 50 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी 350 मिलिलिटर थंड पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये 12 ते 16 तास ठेवावी आणि कागदी गाळणीतून दोनदा गाळावी. ग्लासात या अर्काचे 30 मिलिलिटर आणि व्हॅनिलाच्या पाकाचे 5 मिलिलिटर घेऊन वर 200 मिलिलिटर कोला अगदी धिम्या धारेने सोडावा. कॉफीतील घटक फेस धरून ठेवतात, त्यामुळे ग्लास दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. घाई म्हणून मी एकदा झटपट कॉफीची पूड उघड्या बाटलीत टाकली होती. पुढचा अर्धा तास ओटा, भिंत आणि खालची फरशी पुसण्यात गेला; चव पाहायला बाटलीत फारसे काही उरलेच नाही.

निरोगी प्रौढांनी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेण्यास हरकत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचे मत आहे. 250 मिलिलिटर कोलात ते साधारण 24 मिलिग्रॅम असले, तरी कॉफीचा अर्क तो आकडा झटकन चढवतो, म्हणून हा प्रकार मुलांना देऊ नये आणि झोपेच्या आधी स्वतःही घेऊ नये.

दूध किंवा साय कोलात घालायची झाल्यास ती फाटते, हे गृहीत धरावे. दुधातील केसीन हे प्रथिन पीएच 4.6 च्या सुमारास साकळते आणि कोला त्याच्या बराच खाली आहे. आइस्क्रीमचा गोळा घातलेला कोला काही मिनिटे छान राहतो, कारण गोळा थंड असतो आणि हळूहळू विरघळतो. मात्र पेय रेंगाळले की त्यात बारीक कण दिसू लागतात. ते अपायकारक नसले तरी दिसायला बरे नाहीत, तेव्हा असा ग्लास करून लगेच संपवावा.

साखरेचा हिशेब

100 मिलिलिटर नेहमीच्या कोलात 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटर ग्लासात सुमारे 26 ग्रॅम, आणि वर 15 मिलिलिटर पाक घातला की 35 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. सर्वसाधारण प्रौढासाठी ते सुमारे 50 ग्रॅम होतात आणि 5 टक्क्यांच्या, म्हणजे 25 ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले. एका ग्लासाने या 25 ग्रॅमांच्या फार पुढे जाऊ नये म्हणून मी एक जोडी ठरवून घेतली आहे: नेहमीचा कोला असेल तर साल, आल्याचा रस, कॉफीचा अर्क असे बिनसाखरेचे स्वाद आणि पाक घालायचा असेल तर साखरविरहित कोला. दुसऱ्या प्रकारात ग्लासात फक्त पाकाची सहा ते नऊ ग्रॅम साखर येते, आणि साखरविरहित कोलाचा जो पातळपणा व मागाहून रेंगाळणारी कृत्रिम गोडी अनेकांना खटकते, तीही थोड्याशा खऱ्या साखरेने झाकली जाते. चेरी आणि संत्रे-व्हॅनिला हे दोन्ही साखरविरहित कोलात तर अधिक स्वच्छ लागतात. अशा पेयात अ‍ॅस्पार्टेम असेल, तर फेनिलकीटोन्युरिया हा आजार असलेल्यांना ते वर्ज्य आहे.

बाटलीभर करायचे असल्यास

पाहुण्यांसाठी बाटलीतच स्वाद मिसळायचा झाल्यास बाटली रात्रभर थंड करावी, झाकण अगदी सावकाश, थांबत थांबत सैल करावे आणि पाक मावेल इतका कोला आधी बाजूला काढावा. एक लिटरला 40 मिलिलिटर गाळलेला, बर्फासारखा थंड पाक नसराळ्याने कडेवरून सोडावा, लगेच झाकण घट्ट लावावे आणि बाटली न हलवता एकदा आडवी करून पुन्हा उभी करावी. तासभर फ्रिजमध्ये राहिली की आत दाब पुन्हा जमतो आणि स्वाद सर्वत्र सारखा होतो. हे काम कोलाच्या मूळ बाटलीतच करावे; वायुयुक्त पेय साध्या काचेच्या बाटलीत भरून बूच ठोकणे धोक्याचे आहे, कारण ती बाटली तेवढा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. घरगुती सोडायंत्र असेल तर त्यात फक्त पाण्यालाच वायू द्यावा आणि पाक नंतर मिसळावा.

साधा, व्हॅनिलाचा आणि दालचिनीचा पाक उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन आठवडे चांगला राहतो. चेरीचा पाक दोन आठवड्यांत आणि आल्याचा आठवड्याभरात संपवावा. बाटलीवर तारीख लिहून ठेवावी. पाक गढुळला, झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला किंवा वर तंतू दिसले, तर चव न पाहता तो टाकून द्यावा.